गिरवलेली सही

दिघेकाकांच्या हातात बेसबॉल दिला की ते तो आधी हुंगतात. डोळे मिटून, पूजेला बसल्यासारखे गंभीर होऊन. मग शिलाईवरून अंगठा फिरवतात, खिशातून भिंग काढतात, आणि तोवर आपण आपला चहा पिऊन घ्यायचा.

टोकियोतल्या फुनाबोरीत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मुंबईहून बँकेच्या पोस्टिंगवर आले आणि नंतर इथलीच नोकरी धरून राहिले. आमची सगळी मराठी मंडळी क्रिकेटवर जीव टाकणारी. काका मात्र जुन्या जपानी खेळाडूंच्या सह्यांचे बेसबॉल जमवतात. शिवाय सही खरी की खोटी तेही सांगतात, कुणी विचारो न विचारो.

एकदा माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले इतो-सान वडिलांचा जपून ठेवलेला चेंडू कौतुकाने दाखवायला आमच्याकडे घेऊन आले. काकांनी हुंगला, भिंग लावलं. "छापील आहे. हाताची सही शिलाईपाशी अडखळते, ही अडखळतच नाही," असं अत्यंत नम्र जपानीत सांगितलं आणि श्रीखंडासाठी वाटी पुढे केली. चेंडू मुकाट्याने पिशवीत गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" त्यांच्या पत्नी मंगलकाकू म्हणाल्या.

"शाई बोलली, मी नाही," काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

याच मंगलकाकूंनी पुढे कहर केला. काकांचा सगळ्यात लाडका चेंडू एका जुन्या पिचरचा, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाचा होता. फाउंटन पेनाने केलेली सही, आता तपकिरी पडलेली. काका कामासाठी बाहेरगावी गेले असताना काकूंनी दिवाळीची साफसफाई काढली. सही पुसट दिसली, म्हणून त्यांनी ती काळ्या जेल पेनने गिरवून ठेवली. पाटीवर मुलं अक्षरं गिरवतात ना, तशी. जपानी एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी निगुतीने गिरवली. काका परत आल्यावर स्वतःच दाखवली. "तुमची सही उडून चालली होती. बघा आता कशी उठून दिसतेय."

काकांनी कित्येक दिवस अबोला धरला. तो सुटल्यावरही पाहुणे आले की "आमच्या हिने सहीचा मुडदा पाडला" हा विषय निघायचाच. काकू तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जायच्या.

गेल्या वर्षी काकू अचानक गेल्या.

यंदा माझं ओसाकाला ऑफिसचं काम निघालं, तर काका म्हणाले, "मीही येतो. तिथला एक दुकानदार वरची शाई काढून देतो म्हणे." मला रागच आला. बाई जाऊन जेमतेम वर्ष होतंय, आणि यांचं चेंडूपुराण चालूच. पण वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार?

दुकानदार म्हातारा होता, हात मात्र स्थिर. त्याने चेंडू दिव्याखाली फिरवला. आधीच्या मालकाने सहीवर व्हार्निश चढवलं होतं, त्यामुळे जेलची शाई वरच्या वर राहिली होती. खालची सही शाबूत होती. "मूळ सही आजच मोकळी करून देतो," तो म्हणाला आणि कापसाचा बोळा औषधात बुडवला. काकांना इतकी वर्षं हेच तर हवं होतं.

"जरा एकदा बघतो," म्हणून काकांनी चेंडू हातात घेतला, भिंग लावलं आणि बघतच राहिले.

"ही रेघ वरून खाली ओढतात," ते मला मराठीत म्हणाले. "हिने खालून वर नेलीय. इथे अडली. पेन उचललं, पुन्हा टेकवलं. घाबरत घाबरत केलंय गं सगळं."

दुकानदार बोळा धरून ताटकळत उभा होता.

"राहू द्या," काका जपानीत म्हणाले.

"पण दिघे-सान, ही शाई आहे तोवर या चेंडूला कुणी खरा म्हणणार नाही."

"न म्हणोत."

परतीच्या शिनकानसेन बुलेट ट्रेनमध्ये त्यांनी चेंडू रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. मी विचारलं, "काका, का नाही काढू दिली?"

"वर्षभर तिचं अक्षर शोधतोय घरात. याद्या, निरोप, सगळं फोनवरच लिहायची. एक चिठ्ठी सापडत नाही. तिच्या हातचं म्हणून एवढंच उरलंय, आणि तेच मी आज पुसायला घेऊन आलो होतो."

त्या चिडीचूप डब्यात काका हुंदके देऊन रडले. मीही रडले.