वरवट बकालहून चालणारी बोट

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं लिहिणं अर्जापुरतं. तरीही एका मोठ्या माणसाबद्दल लिहायला बसलो, याची आधीच माफी मागतो.

आमचे शेजारी नामदेवकाका इथं विदर्भात, वरवट बकालला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. ते कुणाला "कसा आहेस?" विचारत नाहीत. "किती व्होल्ट बे आज?" माझी आजी आजारी होती, तेव्हा तिच्या खाटेजवळ येऊन म्हणाले, "मावशी, अकरावर आल्या तुम्ही. पानी टाका लागते." अकरा व्होल्ट म्हणजे बॅटरी उतरलेली. आजीनं दोन दिवस त्यांचं तोंड पाहिलं नाही.

काकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पण त्यांचा एकुलता एक सुनील रत्नागिरीकडे मासेमारीच्या बोटीवर होता, आणि त्या बोटीचं वायरिंग काका इथून फोनवर चालवायचे. बोट बंदराला लागली की दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट विचारायचे. तू जेवलास का, हे विचारायला त्यांना जमायचं नाही.

दोन बॅटऱ्या म्हणजे एक इंजिन सुरू करायला, दुसरी दिवे आणि वायरलेसला. त्यांच्यामधे नवा चार्जर बसवला, तेव्हा सुनीलनं त्याचं इंग्रजी माहितीपत्रक मला पाठवलं. मी वाचून सांगितलं, "काका, इंजिन चालू असलं की हा इंजिनाकडची वीज दिव्यांच्या बॅटरीत भरते. इंजिनाची बॅटरी उतरली की उलटी परत देते. कधी कोणीकडं द्यायची, ते तोच ठरवते."

"त्याले काय अक्कल?" काका भडकले. आमच्याकडे वरातीत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर गाणी वाजवतात, आणि मग बॅटरी उतरली की चार जण मिळून ट्रॅक्टर ढकलतात. "बोटीले धक्का कोन देईन बे? मासे?"

लगेच सुनीलला फोन. "इंजिनाच्या बॅटरीतून काहीच बाहेर जाऊ देऊ नको. दिव्याची बंदरात आल्यावर भरून घे."

"हाव बाबा."

बोट जास्त दिवस बाहेर राहिली तर वायरलेस बंद पडेल, हे मला कळलं होतं. मोठ्या माणसाला कसं टोकायचं, म्हणून गप्प बसलो.

दिवाळीनंतर समुद्रात वादळ झालं. बोट परतली नाही. वायरलेसवर काहीच आवाज नाही, असं बोटीच्या मालकानं कळवलं. काका तीन दिवस दुकानात व्होल्टचं मीटर मांडीवर घेऊन बसून होते. एकदाच मला म्हणाले, "तुले समजलं होतं ना? मंग काऊन नाही बोलला?"

चौथ्या दिवशी मालकाचा फोन आला. स्पीकर मी लावला. बोट बुडाली होती. आपल्या बंदरापर्यंत आवाज पोचला नाही, पण लांबच्या एका बोटीनं वायरलेसवर हाक ऐकली आणि येऊन चौघांना वर काढलं. हाक देत होता सुनील. तो तेवढा मिळाला नाही.

काकांनी मांडीवरचं मीटर बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "वायरलेस चालू होतं?"

"शेवटपर्यंत. चार्जर त्यानं पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी चालू ठेवला होता," मालक म्हणाले. "फक्त बाबांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल, असं त्यानं बोटीवरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं."