दिग्याची हॉट रॉड

आमचा दिगंबर सावंत गाडी सुरू केली की लगेच आत बसत नसे. बॉनेट उघडून इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून पाच मिनिटं उभं राहायचं. आम्ही सिंगापुरातल्या बेडोकच्या उन्हात घामाने निथळत असलो तरी त्याला फिकीर नसे. "इंजिन आधी ऐकायचं असतं मेल्या. चालवायचं नंतर."

ही दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. दिग्या मूळचा मालवणचा, जहाजावरचा इंजिनिअर. आठ वर्षं समुद्रावर काढून सिंगापुरात एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागला होता आणि बेडोकला एकटा राहत होता. त्याने नऊ वर्षं जुनी दोन दारांची गाडी घेतली, तिला भडक नारिंगी रंग दिला, बॉनेटवर ज्वाळा चिकटवल्या आणि तिला हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी सजवलेली जुनी गाडी, म्हणायला लागला. सिंगापुरात गाडीचा परवाना दहा वर्षांचा. वाढवून घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं. बघता बघता वर्ष सरलं, आणि येत्या सोमवारी गाडी भंगारात जाणार होती.

"इथे रस्ता सुरू झाला की लगेच समुद्र लागतो," तो म्हणाला. "हिला एकदा लांब न्यायचीय. शनिवारी मलेशियात, मलाक्काला."

मी आणि मकरंद, दोघंही रॅफल्स प्लेसला कॉम्प्युटरपुढे बसणारे, मूर्खासारखे हो म्हणालो. गाडीत चपला काढायच्या, चिप्स खायच्या नाहीत, एसी लावायचा नाही कारण इंजिनावर ताण येतो, आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एवढे नियम माझ्या सासऱ्यांच्या घरीही नव्हते.

सीमेवर वुडलँड्सच्या नाक्यावर दीड तास रांगेत उभे राहिलो. सिंगापूरची गाडी मलेशियात न्यायची तर टाकी पाऊण भरलेली लागते. अधिकाऱ्याने वाकून काटा पाहिला. काटा शून्यावर.

"सर, टाकी फुल आहे," दिग्या इंग्रजीत शांतपणे म्हणाला आणि सीटखालून खुणा केलेली पोलादी पट्टी काढली. जहाजावर टाकीत पट्टी सोडून तेल मोजतात, काट्यावर विसंबत नाहीत. म्हणून या महाभागाने काट्याची वायरच काढून ठेवली होती.

अधिकाऱ्याने पट्टीकडे पाहिलं, दिग्याकडे पाहिलं. "कॅनॉट लाह. यू-टर्न."

परत फिरून पेट्रोलपंपाच्या कडेला दिग्याने वायर जोडली. दोन मिनिटांत काटा टोकाला गेला.

"मग वर्षभर का नाही जोडलीस?" मी ओरडलो.

"काटा खोटं बोलतो."

पुन्हा दीड तास रांग. एकदाचा हायवे लागला. सरळ, मोकळा, सहा महिने ज्याचं स्वप्न ऐकत होतो तो. आणि दिग्या ताशी साठने चालवायला लागला. भाजीचा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. मग एक म्हातारं जोडपं गेलं, त्यातल्या आजीने हात हलवला.

चहाला थांबलो तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. "दिग्या, ही हॉट रॉड आहे की वरातीची गाडी? पळवायची म्हणून आणलीस ना?"

"पळवली की फार आवाज करते," तो कपात बघत म्हणाला. "तुमचं बोलणं ऐकू येत नाही."

"आमचं बोलणं ऐकून काय करायचंय तुला?"

त्याने कप खाली ठेवला. "जहाज सोडल्यापासून नीट झोप नाही रे. खाली इंजिन चालू आणि बाजूला कोणीतरी बडबडतंय, अशी सवय लागलेली. घरी नुसता पंखा असतो."

मला माझ्याच आरडाओरड्याची लाज वाटली. "चावी दे," मी म्हणालो. "मागे जाऊन आडवा हो."

दिग्याने वाद न घालता चावी दिली. मी साठवर गाडी धरली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मकरंदने आमच्या बॉसची निंदा सुरू केली. दहा मिनिटांत मागून घोरणं ऐकू आलं.

मलाक्काचा फाटा आला. मकरंदने बोटाने दाखवला. मी मान हलवली आणि सरळ पुढे गेलो. बॉसचा विषय संपला होता, म्हणून मी शेजाऱ्यांचा काढला.