नागोजी अण्णांची शिरगणती

बेंगळुरूत जे. पी. नगरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या सकाळी टेम्पोतून कपाट उतरत होतं. एक उंच, वाळके गृहस्थ जिन्यात उभे राहून मला म्हणाले, "काल रात्री तुमच्या घरी किती माणसं झोपली होती?"

नाव नाही, गाव नाही, नवरा कुठे कामाला तेही नाही. आदली रात्र आम्ही सामान बांधण्यात घालवली होती. नणंद मदतीला आली होती, ती थांबली होती की गेली होती ते मला आठवेना. मी म्हटलं, "चार-पाच असतील."

"अंदाजे नको. चार, की पाच?"

मी नवऱ्याला विचारलं, नवऱ्यानं नणंदेला फोन लावला. चार निघाली. "सरी, ठीक," म्हणून ते समाधानानं आपल्या दारात शिरले. कपाट तोवर जिन्यात अडकलं होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

हे नागोजी अण्णा. त्यांचे पूर्वज कधी काळी घोड्यावरून इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यांचं मराठी त्या घोड्यांबरोबर आलेलं, मध्ये मध्ये कन्नडनं ठिगळं लावलेलं. साताऱ्याहून आलेल्या माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटायचं. "स्वल्प सावकाश बोला ताई, गाडी चुकत नाही."

अण्णांनी सगळी नोकरी घाटाखालच्या नीरहोळे नावाच्या खोऱ्यात, तालुका कचेरीत कारकून म्हणून केली. त्यांनी बदली मागितली नाही आणि सरकारनंही केली नाही, कारण तिथं जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. निवृत्त होऊन ते विधवा बहिणीकडे, रुक्माक्कांकडे, बेंगळुरूला आले. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा रुक्माक्का म्हणाल्या, "मुलगी बघायला गेला आणि तिच्या बापाला घरातल्या म्हशी विचारत बसला."

येताना अण्णांनी एक ट्रंक आणली होती. तिच्यात त्यांचा ग्रंथ होता: 'नीरहोळे खोरे – भूगोल, इतिहास व लोकसंख्या'. भूगोल चार वह्यांत संपला होता. कुठला ओढा कुठं उगवतो, कुठल्या उतारावर पोफळी आणि कुठं नुसता दगड, सगळं त्यात होतं. इतिहास एका वहीत उरकला होता, कारण अण्णांच्या मते त्या खोऱ्यात फारसं काही घडलंच नाही. लोक डोक्यावर गाठोडी घेऊन आले आणि पाऊस सोसत राहिले, एवढाच इतिहास. लोकसंख्या मात्र संपत नव्हती. आठवी वही चालू होती.

खोऱ्यात राहिल्यानं त्यांना बेंगळुरू हे शहरच मान्य नव्हतं. "हे गाव उंचवट्यावर बसलंय. पडलेलं पाणी दोन्हीकडून निघून जातं. माणसंही तशीच." भाजीवाल्याचा पत्ता सांगताना ते "उतारानं खाली" असं सांगत. उतार मला अजून दिसलेला नाही.

दर रविवारी सकाळी ते खोऱ्यातल्या देवम्माला फोन लावत. देवम्माचं बसच्या थांब्याजवळ किराण्याचं दुकान. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाकडे पाहुणा उतरलाय, हे ती गिऱ्हाईक सांभाळत सांगायची आणि अण्णा लिहायचे. मधूनच ओरडायचे, "पाहुणा एकटा, की बायकोसकट? अंदाजे नको." रुक्माक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "खोऱ्यातली कोंबडी उबवायला बसली ते ह्याला ठाऊक. ह्या घरातली साखर संपली ते नाही."

वहीत प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शब्द असे: आहे, बाहेर, गेला. वर्षागणिक 'आहे' कमी होत गेले आणि 'बाहेर' वाढत गेले. बाहेर म्हणजे बहुतेक इथंच. कुणी येलहंक्याला रुग्णालयात नर्स, कुणी टॅक्सीवर, कुणी इमारतींच्या फाटकावर. अण्णा त्यांना शोधून काढत. एकदा मला व्हाइटफील्डला काम होतं, तर ते मेट्रोत माझ्याबरोबर आले. तिथल्या एका आयटी कंपनीच्या फाटकावर बसप्पा नावाचा खोऱ्यातला माणूस रखवालदार होता. अण्णांनी वही उघडली.

"बसप्पा, तुझ्यापुढे नुसतं 'बाहेर' लिहिलंय. कायमचा, की तात्पुरता?"

बसप्पाची पन्नाशी उलटलेली. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. त्याच्यामागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"तात्पुरता लिहा, अण्णा."

"किती वर्षं झाली?"

"नऊ. पण तात्पुरताच लिहा."

अण्णांनी लिहिलं. परतीच्या मेट्रोत मी म्हटलं, "तो काही परत जायचा नाही."

"ते त्यानं सांगायचं," अण्णा म्हणाले. "मी नाही, तुम्हीही नाही."

गेल्या पावसाळ्यात नीरहोळे खोऱ्यात दरड कोसळली. पहाटे डोंगराचा एक तुकडा सुटला आणि मेलकेरी नावाची वरची वस्ती त्याखाली गेली. सकाळी टीव्हीवर चिखल दिसत होता. नऊ-साडेनऊला अण्णांच्या दारात बसप्पा उभा होता, पाळी सोडून आलेला, गणवेशातच.

"अण्णा, तुमचं पुस्तक काढा. तिथं मतदारयादी घेऊन शोधतायत. यादीत माझं नाव आहे. मला शोधतायत."

अण्णांनी वही काढली. तिथला अधिकारी फोनवर मिळायला अर्धा तास गेला. तो आधी वैतागला, मग लिहून घेऊ लागला. अण्णा घरामागून घर वाचत गेले. ह्या घरी म्हातारी आणि दोन नाती, आईबाप बाहेर. ह्या घराला कुलूप, खणू नका. ह्या घरी बाळंतीण माहेरी आलेली, मूल बारा दिवसांचं. आवाज कचेरीतला, सपाट. मी पानांचे फोटो काढून पाठवत होते. बसप्पा भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याच्या भावाचं घर आलं तेव्हा अण्णा थांबले नाहीत. "चार," म्हणाले आणि चारही नावं सांगितली.

शेवटी ते म्हणाले, "वरच्या बागेत, सुपारी ठेवायची खोप आहे. तिथं दोन माणसं झोपतात. शुक्रवारी आलीत."

"कोण दोन?"

"पोफळींवर औषध मारणारे मजूर. नवरा-बायको."

"खोपीत कुणी राहतं असं इथं कुणीच म्हणत नाही."

"इथं लिहिलंय," अण्णा म्हणाले.

त्या खोपीच्या जागी दुपारी खणलं. बाई जिवंत सापडली, पाय तुळईखाली चिरडलेला. नवरा तिच्याजवळच होता, पण गेलेला. मेलकेरीतून त्या दिवशी जिवंत निघालेली ती एकटीच. बसप्पा संध्याकाळच्या बसनं गावी गेला, चौघांना अग्नी द्यायला.

त्यानंतर अण्णांनी वही उघडली नाही. रविवार आला तसा गेला. रुक्माक्का मला म्हणाल्या, "जेवतोय, झोपतोय. पण काही विचारत नाही. तुम्ही बोलून बघा."

मी गेले. ते खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "तुमच्यामुळे एक जीव वाचला, अण्णा."

त्यांनी नकाराची मान हलवली. म्हणाले, "मी नोकरीला नवा होतो. शिरगणतीला खोऱ्यात हिंडत होतो. एक घर फार उंचावर होतं आणि पायांना जळवा चिकटलेल्या. मी खालूनच कागदावर लिहिलं, घर बंद. पुढे महिन्यानं गुराखी वर गेला. आत एक म्हातारी होती. मरून बरेच दिवस झालेले. मी गेलो तेव्हा ती जिवंत असणार, तापात पडलेली. खोऱ्यात कुणाला तिचं नाव सांगता आलं नाही. मला तरी कुठं येत होतं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आणि परवा," ते म्हणाले, "मी काय वाचलं? मजूर, दोन. देवम्माला त्यांची नावं ठाऊक नव्हती आणि मीही पुन्हा विचारलं नाही. पुढच्या रविवारी विचारू म्हटलं."

ती बाई पायाच्या शस्त्रक्रियेसाठी बेंगळुरूला आणली होती. येलहंक्याला असलेल्या खोऱ्यातल्या त्या नर्सनं वॉर्ड शोधून दिला. आम्ही तिघं गेलो, अण्णा, रुक्माक्का आणि मी. चार वाजता भेटीची वेळ सुरू होत होती. बाई तिशीची असेल. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिला भेटायला कुणी आलेलं नव्हतं, कारण तिची माणसं लांब, मैदानी मुलखात, आणि कुणापर्यंत निरोप पोचलेला नव्हता. कागदावर नाव होतं निंगव्वा.

रुक्माक्का मोसंबी सोलायला बसल्या. अण्णा स्टुलावर टेकले. कुणालाही जिन्यात गाठून प्रश्न विचारणारा हा माणूस दहा मिनिटं आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. शेवटी कन्नडमध्ये म्हणाले, "बाई, तुमच्या यजमानांचं नाव माझ्याजवळ नाही."

निंगव्वानं पदर ओढला आणि रुक्माक्कांकडे पाहिलं. तिच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे रुक्माक्कांना कळलं. त्या म्हणाल्या, "असू दे गं. दवाखान्याच्या कागदावर असेल, आम्ही बघू."

"कागदावर नाही," निंगव्वा म्हणाली. "खोऱ्यातही विचारलं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही. मग त्यांना बिननावाचंच जाळलं."

वॉर्डात पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवर कुणी तरी डबा उघडला. तिनं चेहरा भिंतीकडे वळवला आणि म्हणाली, "फकीरप्पा."

मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. स्वतःच्या आवाजात ते नाव ती पहिल्यांदाच ऐकत असावी.

मला वाटलं, अण्णा आता खिशातून पेन काढतील, गाव विचारतील, वय विचारतील. त्यांनी हात गुडघ्यांवरून उचललेच नाहीत. जरा पुढे वाकून म्हणाले, "कसे होते?"

ती आमच्याकडे वळली. आधी म्हणाली, झाडावर सरसर चढायचे. मग म्हणाली, उंचावर गेले की गायचे, आणि खाली उतरले की लाजायचे. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती त्यांच्या पहिल्या भांडणापर्यंत आली होती. परिचारिकेनं आम्हाला उठायला सांगितलं. अण्णा उठले नाहीत, आणि तिनंही मग पुन्हा सांगितलं नाही.