मुन्शीजींचा तिकीट लावलेला अर्ज

आमच्या वसमतच्या कोर्टातले मुन्शीजी साधा राम रामसुद्धा कलमवार घ्यायचे.

समोरून कुणी म्हणालं, "राम राम मुन्शीजी, बरं हाय ना? कुठं निघालात?" की ते भर रस्त्यात थांबायचे. छत्री काखेत दाबायची आणि एकेक बोट मुडपत सुरू. "कलम एक, राम राम. कबूल. कलम दोन, बरं हाय. मजकूर नाकबूल, गुडघा दुखून राहिला. कलम तीन, कुठं निघालो. सदर मजकुराशी विचारणाऱ्याचा संबंध न्हाई." एवढं बोलून चालू लागायचे. नवा माणूस तोंड वासून बघत राहायचा. आम्हाला सवय होती.

मुन्शीजी म्हणजे अर्जनवीस. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून बसायचे आणि लोकांचे अर्ज, कैफियती लिहून द्यायचे. निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळं उर्दू त्यांना मराठीइतकीच बराबर यायची. जन्मभर एकच काम केलं. वादीनं म्हणायचं आणि प्रतिवादीनं कबूल नाहीतर नाकबूल करायचं. ते इतकं अंगात मुरलं की बाजारातही सुटत नव्हतं. माळीण म्हणायची, "वांगी ताजी हायेत मुन्शीजी." हे म्हणायचे, "ताजी, हा मजकूर नाकबूल. काल बाळापूरच्या बाजारात हीच वांगी पाहिली. ही देठाची डेख तुटकी, मी ओळखतो." ती पण कमी नव्हती. "मंग घरी जाऊन मजकुरालाच फोडणी द्या," म्हणायची.

घरी फोडणी द्यायला दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. स्वतःच थापायचे, स्वतःच खायचे.

आता मी कोण ते सांगतो. मी त्याच कोर्टात शिपाई होतो आणि पुकार करायचो. शिक्षण दुसरी पास. तिसरीत मास्तरानं माझी चूक नसताना छडी मारली, त्या दिवसापासून शाळेच्या वाटेनं गेलो नाही आणि त्याचा मला आजपर्यंत पस्तावा नाही. पण मला वाचता येत नाही असं कुणी समजू नये. हळू वाचतो, पण वाचतो. आणि आवाज म्हणाल तर कोर्टाच्या पायरीवरून मी "हाजिर हो" म्हटलं की मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या पोत्यावर टेकलेला पक्षकार उठून धोतर सावरत पळत यायचा.

माझा पोरगा परल्हाद औरंगाबादेत वकिली शिकून आला. आणीबाणीच्या आधीचं साल असावं. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला काळा कोट. त्याच्या मायनं तो कोट दोरीवर वाळत घातला तर बाया बघायला आल्या. पण कोटानं वकील होत नाही. मोठ्या वकिलाच्या हाताखाली दोन-चार वर्षं ज्युनिअर म्हणून बसल्याशिवाय कोणी विचारत नाही. परल्हादनं परभणीला, नांदेडला, जिथं पत्ता मिळाला तिथं इंग्रजीत टाईप करून आठ अर्ज धाडले. एकाचंही उत्तर नाही.

माझी मालकीण म्हणाली, "तुमी रोज वकिलांच्यात वावरता. एखाद्याला म्हणा की."

मी म्हणालो, "ज्यांच्या नावानं वीस वर्षं पुकार केली त्यांच्यापुढं हात जोडू? न्हाई जमणार."

"जपा तुमचं नाक. लेकराचं काय बी होऊ द्या."

लेकराचं काय होणार ते दिसतच होतं. कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर कारकुनाची जागा निघाली होती. मालक म्हणाला होता, दिवाळीपर्यंत थांबतो, नाहीतर दुसरा घेतो. परल्हाद म्हणायचा, "बाबा, एकदा काट्यावर बसलो की कोट पेटीत गेला." मी ऐकायचो आणि उगाच कोटावरची धूळ झटकायचो.

हे सगळं मुन्शीजींच्या कानावर गेलं. एका संध्याकाळी कोर्ट उठल्यावर त्यांनी परल्हादला लिंबाखाली बोलावलं. अर्जाची नक्कल मागितली आणि कागद नाकापाशी धरून पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण तसं ते दाखवत नव्हते.

"कुणी लिहिला?"

"मीच, मुन्शीजी."

"म्हणून जवाब न्हाई. यात अर्जदार कोण, सामनेवाला कोण, मागणी काय? काहीच न्हाई. अन् तिकीट कुठंय?"

"कसलं तिकीट?"

"कोर्ट फीचं."

"मुन्शीजी, हा काही कोर्टातला अर्ज न्हाई."

"मजकूर नाकबूल. बिनतिकिटाचा अर्ज अन् बिनलगामाचं घोडं, कोणी दारात उभं करत न्हाई."

आणि त्यांनी स्वतः अर्ज लिहिला. परभणीत जमिनीच्या जुन्या दाव्यांसाठी नावाजलेले एक वकीलसाहेब होते, त्यांच्या नावे. मला तो अजून पाठ आहे. अर्जदार, परल्हाद वल्द सखाराम, वय चोवीस, धंदा वकिली परंतु काम नाही, राहणार वसमत. सामनेवाला, वकीलसाहेब, राहणार परभणी. विनंती अर्ज ऐसा जे. कलम एक, अर्जदार कायदा पास आहे. कलम दोन, अर्जदाराचा बाप कोर्टात पुकार करतो, त्याचा आवाज मोठा आहे, अर्जदाराचा नाही. कलम तीन, सामनेवाल्यास ज्युनिअरची गरज आहे किंवा कसे हे अर्जदारास माहीत नाही, परंतु असावी. सबब मागणी की, सामनेवाल्याने अर्जदारास आपल्या कचेरीत बसू द्यावे व या अर्जाचा खर्च सामनेवाल्यावर बसवावा. खाली वरील मजकूर खरा असल्याची प्रतिज्ञा, आणि वर कोपऱ्यात कोर्ट फीचं तिकीट चिकटवलेलं.

परल्हादचा चेहरा उतरला. "बाबा, परभणीभर हसं होईल माझं. एवढ्या मोठ्या माणसाला सामनेवाला?" पण तोवर मुन्शीजी पोस्टात जाऊन रजिस्टरनं अर्ज टाकूनही आले होते. पोचपावतीसह.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. "सामनेवाला हजर आहे. अर्जदाराने गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी परीक्षेस यावे. खर्चाचा मुद्दा राखून ठेवला आहे."

मुन्शीजींनी कार्ड आवारात सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "बघा. तिकिटाचा गुण."

मधे दीड महिना होता. मुन्शीजींनी ठरवलं की परीक्षेची तयारी आपणच करून घ्यायची. परल्हाद रोज कोर्ट उठल्यावर त्यांच्या ओसरीवर जाऊ लागला. ते म्हणाले, "तुझं कलम-बिलम तुला येत असंल. पण त्या वकिलाकडं निजामाच्या येळचे कागद येतात, सगळे उर्दूत. आजकालच्या पोरांना ते म्हंजे मुंग्यांची रांग. तू वाचायला शीक." आणि अलिफ, बे पासून सुरू केलं. जुने कागद होतेच त्यांच्या पेटीत. दिवेलागणीपर्यंत दोघं एका चटईवर वाकून बसलेले असायचे. चहा मुन्शीजी करायचे आणि दोघांचे कप स्वतःच विसळायचे.

गल्लीतल्या एका मोठ्या माणसाला ते खटकलं. तो ओसरीशी थांबून म्हणाला, "मुन्शीजी, त्या वस्तीतलं पोरगं रोज तुमच्या दारात. जरा बघा."

मुन्शीजींनी मान वर न करता बोटं मुडपली. "कलम एक, दार माझं. कबूल. कलम दोन, पोरगं रोज येतं. कबूल. कलम तीन, तुमची तकलीफ. समजून येत न्हाई."

शेवटचा आठवडा तोंडी परीक्षेचा. ती आमच्या घरी व्हायची. मुन्शीजी आमच्या बाजेवर वकीलसाहेब होऊन बसायचे आणि मला फर्मान सोडायचे, "सखाराम, पुकार कर." बिनपुकारीचा माणूस पुढं आणायचा नाही, हा त्यांचा नियम. मी अंगणात जाऊन ओरडायचो, "परल्हाद सखाराम, हाजिर होऽऽ!" सगळा वाडा बाहेर यायचा. मालकीण उलथनं घेऊन दारात. "लेकरू घरात बसलंय की! काहून बोंबलून राहिले?"

मग प्रश्न.

"पक्षकार रडून राहिला. काय करशील?"

"समजावीन."

"चूक. आधी पाणी देशील. पक्षकार खोटं बोलून राहिला. काय करशील?"

"त्याची केस घेणार न्हाई."

"उपाशी मरशील. पुढं. एखादी गोष्ट तुला येतच न्हाई. काय म्हणशील?"

परल्हाद अडखळला. मुन्शीजी म्हणाले, "म्हणायचं, येत न्हाई. वकील तेवढंच म्हणत न्हाईत, म्हणून म्हणायचं."

त्या रविवारी परल्हाद पहाटेच्या एसटीनं परभणीला गेला. मी दुपारी चारला स्टँडवर गेलो तर मुन्शीजी आधीच बाकड्यावर. "छत्री दुरुस्तीला आलतो," म्हणाले. रविवारी छत्रीवाल्याचं दुकान बंद असतं. मी शेजारी टेकलो. परभणीच्या तीन गाड्या रिकाम्या गेल्या. चौथीतून परल्हाद उतरला.

आणखी दोघं परीक्षेला आले होते म्हणे, दोघांकडंही मोठ्यांच्या चिठ्ठ्या. साहेबांनी तिघांपुढं जुनं उर्दू दफ्तर ठेवलं. त्या दोघांनी ते डावीकडून उघडलं, म्हणजे उर्दूत शेवटचं पान आधी. परल्हादनं उजवीकडून उघडलं. तेवढ्यावरच साहेबांनी चष्मा काढला. मग वाच म्हणाले. दोन भावांचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा तंटा होता. नावं, सर्व्हे नंबर, पाळीचे वार, एवढं यानं अडखळत वाचलं. एका शब्दापाशी थांबला.

"काय लिहिलंय?"

"येत न्हाई, साहेब."

साहेब म्हणाले, "मलाही येत नाही. तीस वर्षं झाली." मग हसून म्हणाले, "एक महिना ये. बघू, ठेवायचं का नाही."

मुन्शीजींनी तो शब्द तिथंच स्टँडवरच्या धुळीत काढून दाखवायला सांगितला. परल्हादनं बोटानं गिरवला. मुन्शीजींनी बघितला, म्हणाले, "उन्हाळपाळी," आणि छत्री उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी परल्हाद वळकटी घेऊन परभणीला गेला तेव्हा ते स्टँडवर आले नाहीत.

तो महिना लई लांबला. जिनिंगच्या मालकानं दोनदा माणूस धाडला. दिवाळी आठ दिवसांवर आली तरी परल्हादची खबर नव्हती. मुन्शीजी कोर्टात रोज विचारायचे, "टपाल?" मी म्हणायचो, "न्हाई." संध्याकाळी त्यांच्या गल्लीवरून जाताना दिसायचं, ओसरीवर चटई अंथरलेली आणि हे एकटेच बसलेले.

मग पत्र आलं. मी घरी भिंतीला टेकून एकेक अक्षर लावत वाचलं. मालकिणीनं हातातलं पीठ तसंच ठेवलं. पोराचं अक्षर मोठं, सुटं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, पाठ झालं. मग मुन्शीजींकडं गेलो. म्हणालो, "डोळे चुरचुरून राहिले. तुमीच वाचा." त्यांच्या कानावर ते त्यांच्याच तोंडून पडावं, एवढंच मनात होतं.

त्यांनी चष्मा लावला आणि कोर्टात वाचावं तसं खणखणीत वाचलं. "तीर्थरूप बाबांस. साहेबांनी मला ठेवून घेतलं. काट्याची जागा नको म्हणून कळवा. खोली मिळाली, जेवणाची सोय झाली. आईला सांगा, कोट इस्त्री करून घालतो. काम फार आहे, दिवाळीला येणं होणार नाही. तुमचा परल्हाद."

पत्र तिथं संपलं होतं. मला माहीत होतं. पोरगं गडबडीत असणार, वयच तसं.

मुन्शीजींनी कागद खाली ठेवला नाही. मग त्याच आवाजात, फक्त जरा हळू, पुढं वाचलं. "मुन्शीजींना नमस्कार. संध्याकाळी त्यांच्या ओसरीची याद येते."

कागदाची घडी घालताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मी म्हणालो, "मुन्शीजी, ते शेवटचं पुन्हा वाचा. मला नीट ऐकू आलं न्हाई."

त्यांनी घडी उलगडली, आणि पुन्हा वाचलं.