दस्ती टाकून धरलेली जागा

बसमध्ये जागा धरावी तर ती आमीच! परभणी जिल्ह्यात या कामात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मला नाही. हे मी माझ्याच तोंडानं सांगायलोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

मी गुरुसिद्धप्पा. ताडकळसला माझं कापडाचं दुकान आहे. पण दुकान मागाहून आलं, जागा धरायची विद्या मी लहानपणीच शिकलो. त्या काळी परभणीला जायचं म्हणजे लाल गाडी. लांब धुरळा दिसला की आमचे दादा, म्हणजे वडील, धोतराचा काष्टा खोचायचे, मला बगलेत मारायचे आणि गाडी थांबायच्या आत खिडकीतून आत सोडायचे! आत पडलो की मी आडवा व्हायचो. डोकं एका सीटवर, पाय दुसऱ्या सीटवर आणि तोंडानं एकच घोष, "इथं माणूस हाय! इथंबी माणूस हाय!" खिडकीची जागा मात्र महानंदाची. महानंदा माझी धाकटी बहीण. खिडकी मिळाली नाही तर ती परभणी येईपर्यंत रडायची आणि दादा परभणी येईपर्यंत मला बोलायचे.

पुढं मी वाढलो, खिडकीत मावेनासा झालो. मग दस्ती आली. गाडी स्टँडात वळायलीय तोच खिडकीतून आपला रुमाल आत भिरकवायचा, की ती जागा आपली. त्यावर बसायची कोणाची छाती नव्हती! लोक उभ्यानं परभणीला जातील, पण दुसऱ्याच्या दस्तीवर बसणार नाहीत. काय इमानदार जमाना होता हो. आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

तर यंदा महानंदाच्या मुलीचं, वैजयंतीचं लग्न निघालं. परभणीला, वसमत रोडवरच्या कार्यालयात. मी मुलीचा एकुलता एक मामा. अक्षता पडताना मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, हे तुम्हाला काय सांगायचं! वैजयंतीनं तर मला दहादा बजावलं होतं, "मामा, मागं तुमीच पाहिजेत. मला लय भीती वाटायलीय." मी म्हणालो, "बाळ, तू बिलकुल फिकीर करू नको."

आदल्या दिवशी आमची सविता, म्हणजे माझी बायको, हळदीला निघाली. मलाही चला म्हणाली. पण त्या दिवशी ताडकळसचा बाजार! लग्नसराईत बाजाराच्या दिवशी कापडाचं दुकान बंद ठेवायचं?

"तू हो पुढं," मी म्हणालो. "मी सकाळच्या गाडीनं येतो. तुमची वेणीफणी होईस्तोर मी मंडपात उभा असतो!"

"परभणीत आता लय गर्दी असते म्हणं."

"गर्दीचं भ्या मला दाखवायलीस? मला?"

सवितानं नुसती माझ्याकडं बघून पिशवी उचलली. तिचं ते बघणं मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

सकाळी नवा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा अशा थाटात मी परभणीच्या स्टँडवर उतरलो. बाहेर बघतो तर रस्ता दिसेचना! ॲटोला ॲटो चिकटलेले, मधल्या फटीत मोटारसायकली, मोटारसायकलींच्या मधल्या फटीत माणसं. सोयाबीनचं ट्रॅक्टर आडवं. त्यात एका नवरदेवाची वरात, घोड्यासकट. हॉर्न तर असे वाजायलेले, जणू ज्याचा मोठा त्याला रस्ता मिळणार होता.

एक ॲटोवाला म्हणाला, "काका, चालत जा. बसण्यात अर्थ न्हाई."

चालत? मुलीचा मामा, फेटा बांधून, चालत जाणार? इज्जत आहे का नाही! तेवढ्यात शहरबस आली. हिरवीगार, नवीकोरी. माझे हात शिवशिवले. गाडी वळायलीय तोच मी नेम धरला आणि दस्ती टाकली. थेट तिसऱ्या खिडकीत! अंगात अजून तेच कसब होतं, डोळे भरून आले माझे.

डोळे पुसून दारापाशी गेलो तर दार बंद झालं. या नव्या गाडीचं दार ड्रायव्हरच्या बटणावर चालतं म्हणे. माणसं आत, दस्ती आत आणि मी बाहेर!

गाडी निघाली. निघाली म्हणजे काय, एका म्हशीएवढी पुढं सरकली आणि थांबली. मी दार बडवलं. आतून कंडक्टरनं काचेला तोंड लावलं. बजरंग त्याचं नाव, तो पुढं लय उपयोगी पडला.

"काका, स्टॉपशिवाय दार उघडत न्हाई. नियम हाय."

"अरे पण माझी जागा हाय आत!"

"मग फुडच्या स्टॉपला या."

पुढचा स्टॉप समोर दिसायलेला, पण गाडी काही तिथं जाईना. मी तिसऱ्या खिडकीपाशी आलो. बघतो तर एक म्हातारी माझ्या दस्तीवर बसायच्या बेतात!

"ओ मावशी! दस्ती हाय तिथं!"

"दस्ती दिसायलीय की. माणूस कुठंय?"

"माणूस खाली हाय. तुमच्या म्होरं!"

म्हातारीनं मला फेट्यापासून चपलेपर्यंत बघितलं. "मग खालीच ऱ्हा की बाबा. खालच्या माणसाला वरची सीट कशाला?"

पण जुनं माणूस ते. दस्तीवर बसली नाही, शेजारच्या जागेवर टेकली. दगडाबाई नाव तिचं, पालमची. गाडी सरकली की मी खिडकीच्या बरोबरीनं चालायचो, थांबली की थांबायचो आणि कोणी त्या जागेकडं बघितलं की दोघं मिळून ओरडायचो. थोड्या वेळानं बजरंग आला.

"ही जागा कोणाची?"

"माझी!" मी खिडकीतून हात घातला.

"मग तिकीट काढा. रिकामी जागा चालत न्हाई."

काढलं! बसच्या बाहेर चालत बसचं तिकीट काढणारा परभणीतला पहिला माणूस मीच असेन. ऊन तापलेलं, फेट्यातून घाम गळायलेला, पण तिकीट हातात आल्यावर मला लय बरं वाटलं.

"पयले असं नव्हतं बगा," दगडाबाई म्हणाली. "आमच्या पालमचा डायव्हर घरासमोर गाडी थांबवून इचारायचा, दगडाबाई, आज बाजाराला यायचं का न्हाई?"

"आमच्याकडं तर एकदा महानंदाची डब्याची पिशवी घरी राहिली," मी म्हणालो. "ड्रायव्हर म्हणाला, पळ पोरा, घेऊन ये. गाडी थांबली, सगळे लोक थांबले. कोणी हूं की चूं केलं नाही."

"तवा रस्ता रिकामा आन् मानसं भरलेली."

"आणि तिकीट पंच करताना चिमटा टकटक वाजवायचे!"

"मला तर उलटी व्हायची त्या डिझेलच्या वासानं. पर आता तो वास आला की माहेर आठवतं."

असं बोलता बोलता स्टॉप कधी मागं पडला, दोघांनाही कळलं नाही. तिथं ड्रायव्हरनं दार उघडलं होतं म्हणे! आता घ्या!

पुढं कोपऱ्यावर एक ॲटो बंद पडलेला. ॲटोवाला खाली बसून काहीतरी ठोकायलेला आणि आत शालू, मुंडावळ्या आणि डोळ्यांत पाणी. बघतो तर आमची वैजयंती!

"मामाऽऽ!" ती ओरडली. "पार्लरमधून निघाले अन् इथंच अडकले! मुहूर्त जवळ आला, चालायला येईना या चपलांत, काय करू मी?"

ॲटो हलेना, शालूचा भार तिला पेलवेना. आणि मग माझी छाती फुगली. अख्ख्या त्या रस्त्यावर माझ्या भाचीसाठी बसायला जागा कोणाकडं होती? माझ्याकडं! खिडकीची!

"रडू नको, बाळ. मामानं जागा धरलीय."

माझ्यासाठी नियम सांगणारं ते दार नवरी बघून आपोआप उघडलं. मी वैजयंतीला हाताला धरून वर चढवलं, बजरंगनं शालूचा घोळ उचलला, दगडाबाईनं दस्ती झटकून जागा पुसली. शालूनं सगळं दार भरलं होतं. तो आत गेला, आता मी पाय टाकणार, तोच पुढची वरात वळली, ट्रॅक्टर हललं, रस्ता मोकळा झाला आणि ड्रायव्हरनं बटण दाबलं!

"अरे थांब! मामा राहिला!"

सकाळपासून मुंगीच्या चालीनं चाललेली ती गाडी अशी सुटली की बघता बघता दिसेनाशी झाली.

मी पळालो. फेटा काखेत, चप्पल हातात. लोक हसायलेले, हसू द्या. मला एकच दिसत होतं, पोरगी घाबरलेली आणि तिच्या मागं कोणी नाही.

कार्यालयाच्या दारात बस उभी होती, रिकामी. आतून मंगलाष्टकं ऐकू यायलेली. मी धापा टाकत मंडपात शिरलो आणि जागेवरच खिळलो. वैजयंतीच्या मागं, माझ्या जागेवर, खाकी कपड्यांतला बजरंग उभा! कपाळाला गंध, हातात नारळ, खांद्यावर नवा टॉवेल!

झालं असं होतं. बजरंग शालू उचलून तिच्यासोबत आत आला. माईकवर पुकारा चालू, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" नवरदेवाकडच्या पाहुण्यांनी बघितलं, मुलगी आली, सोबत एक माणूस आला, मग हाच मामा. एसटीत नोकरीला असेल. गंध लावलं आणि केलं उभं. तो बिचारा नाही नाही म्हणायलेला, पण वैजयंतीच त्याला म्हणाली, "दादा, मामा येईस्तोर थांबा ना. मागं कोणी नसलं की मला भीती वाटते."

मला बघून बजरंग पटकन बाजूला झाला. "या काका," म्हणाला. मी उभा राहिलो. वैजयंतीनं मान न वळवता हात मागं केला आणि माझं बोट घट्ट धरलं. लग्न लावणाऱ्या स्वामींनी शेवटचं मंगलाष्टक म्हटलं, अक्षता पडल्या. समोर महानंदा पदर डोळ्यांना लावून माझ्या अनवाणी पायांकडं बघायलेली. मला रडू आवरलं नाही, सांगून टाकतो.

मग जेवायला गेलो तर पंगतीत एक जागा नाही! अख्खी बस जेवायला बसलेली! कार्यालयासमोर बस थांबली म्हणजे वऱ्हाडच आलं, असं समजून आमच्या लोकांनी पॅसेंजरांवर गुलाबपाणी शिंपडून त्यांना पाटावर बसवलं होतं. ड्रायव्हरला मठ्ठ्याचा आग्रह चाललेला. दगडाबाई म्हणाली, "या पाव्हणं, बुंदी लय ग्वाड हाय!"

महानंदानं लोकांना सरकवून बजरंगशेजारी मला जागा करून दिली. मी पहिला घास घेतला तोच दारात एक माणूस आला. घामानं निथळलेला, फेटा काखेत, चप्पल हातात.

"ही बस कोणाची हाय?" तो ओरडला. "सगळा रस्ता जाम केलाय! तिकडं फुडच्या कार्यालयात माझ्या भाचीच्या अक्षता पडायल्यात आन् मी मामा हाय तिचा!"

ड्रायव्हरनं बजरंगकडं बघितलं, बजरंगनं माझ्याकडं बघितलं, मग हळूहळू सगळी बसच माझ्याकडं बघायला लागली. मी गुपचूप ताट उचललं आणि बायकांच्या पंगतीत, सविताच्या पाठीमागं जाऊन बसलो.