वर जाणारा बाण

जव्हारच्या वसतिगृहात अकरावीचे प्रवेश सुरू झाले असून अर्ज फक्त ऑनलाइन स्वीकारले जातील, असं जाहीर झालं. साखरशेतची योगिता उड्या मारत टेकडीवरच्या खडकावर जाऊन बसली, कारण रेंज तिथंच मुक्कामाला असते. मोबाइलवर प्रवेशाचं पान उघडलं. आधी मान्यवरांचे फोटो, मग शुभेच्छा, मग नियम. 'अर्ज करा' हे बटण तळाशी. बोट दुखलं, तरी तळ येईना.

"दोन तास काच घासतेस!" तिची आई, तानी, खालून ओरडली. "एवढ्यात नाचणी दळून झाली असती गं!"

पान फार लांब आहे, असं योगितानं वसतिगृहाच्या कार्यालयाला कळवलं. कार्यालयानं गंभीर दखल घेऊन समिती नेमली. समितीनं पानाच्या माथ्यावर अनुक्रमणिका बसवली. तिच्यात दोनशे बाबी. सबब पान आणखी लांबलं. मग अनुक्रमणिका कशी वाचावी याची मार्गदर्शिका आली, आणि मार्गदर्शिकेलाही अनुक्रमणिका. शेवटी दमलेल्यांच्या सोयीसाठी 'वर जा' असा गुबगुबीत बाण आला, तो नेमका 'अर्ज करा'च्या डोक्यावर बसला. अर्ज करायला जावं, की थेट मान्यवरांच्या पायाशी!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी योगिता जीप पकडून कार्यालयात थडकली. समोर लिपिक हेमंतराव.

"साहेब, बटण बाणाखाली दबलंय."

"बाण मंजूर आराखड्याप्रमाणे आहे."

"मग बटण हलवा."

"त्यासाठी विनंती अर्ज लागेल."

"तो कुठं मिळेल?"

"पानाच्या तळाशी."

चार वाजले होते. पाचला मुदत संपणार, आणि मग वर्षभर घरी. योगितानं बाकावर ठाण मांडलं आणि आजवर कुणीच न केलेली गोष्ट केली. तिनं पान वाचलं! बाब एकशे त्र्याऐंशी: 'तांत्रिक अडचण आल्यास साध्या कागदावरील अर्ज स्वीकारावा.' तिनं वहीचा कागद टर्रकन फाडला.

"हे कुणी लिहिलं?" हेमंतराव दचकले.

"खाली तुमचीच सही आहे, साहेब."

पाचला पाच कमी असताना शिक्का बसला.

समितीनं या प्रकारातून धडा घेतला. दुसऱ्याच दिवशी पानाच्या माथ्यावर चौकट आली: 'मी संपूर्ण पान वाचले आहे.' टिक करा आणि सरळ तळाशी उतरा. कार्यालयातल्या सगळ्यांनी टिक केली. हेमंतरावांनी तर सर्वांत आधी.

हसताय? परवा मोबाइलवर तुम्ही जी टिक केलीत, तिच्या वर काय लिहिलं होतं, सांगा बरं!