घरटी एक काडतूस

एका जंगलात, मुलांनो, सिंहाला कोणी सिंह म्हणत नसे. नेमबाज महाराज म्हणत. महाराजांचा नेम कधी चुकत नाही, असं पहिलीच्या पुस्तकात छापलेलं होतं. त्यामुळे ते खरंच होतं.

दर उन्हाळ्याच्या तोंडावर महाराज माळावर टांगलेल्या भोपळ्यावर गोळ्या झाडत. रिवाज असा, की घरटी एक काडतूस प्रजेने स्वतः भरून आणायचं. राज्यकारभारात प्रजेचा सहभाग हवा, असं दिवाण कोल्हा म्हणे.

दारू सगळ्यांना सरकारी मापाने मिळे. पितळी नळकांड्यात ती ओतायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. किती दाबायची, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. गवा खूर ठेवून दाबी. त्याची गोळी पार दारूत बुडे. ससा नुसती टेकवून ठेवी. न जाणो, फुटली तर? माकड दातांनी बसवी आणि मध्येच चवही बघे.

मग एक गोळी वर जाई, एक खाली, एक आभाळात. एखादी भोपळ्याला लागे. ती महाराजांची. बाकीच्या ज्याच्या त्याच्या काडतुसाच्या. ज्याचं काडतूस सगळ्यात लांब चुके, त्याला पाणवठा कायमचा बंद.

गेल्या वर्षी ही पाळी शलाका नावाच्या सायाळीच्या बापावर आली. शलाका तेव्हा परजंगलात शिकत होती. परत आली, तर बापाचं पोट खपाटीला गेलेलं आणि तो डबक्यातलं गढूळ पाणी पितोय. तिच्या पाठीवरचे काटे ताठ झाले.

"आबा, कोणाचीच गोळी सारखी बसलेली नसते, म्हणून त्या वाटेल तिकडे जातात," ती म्हणाली. "सगळ्यांनी सारख्या बसवल्या, तर एकाच जागी लागतील. मग तुमचं काय चुकलं होतं, ते दाखवा म्हणावं."

"नको त्या भानगडीत पडूस," म्हातारा म्हणाला. "लोकांना सवय झालीय."

"गढूळ पाणी प्यायची?"

"दुसरं कोणीतरी पितंय, याची."

पण शलाका ऐकणारी नव्हती. तिने पाठीवरचा एक काटा उपटला, त्यावर खूण केली आणि घरोघर फिरली. काडतूस उभं करायचं, शेजारी काटा धरायचा, गोळीचं टोक खुणेला आलं की दाबणं थांबवायचं. बस.

"आमच्या घराण्याची दाबायची एक पद्धत आहे," गवा म्हणाला. "तिचं काय करू?"

"चुलीत घाला."

"मी डोळे मिटून दाबलं तर चालेल का गं?" सशाने विचारलं.

"चालेल. खूण मी बघते."

नेमबाजीचा दिवस आला. महाराजांनी ऐटीत बंदूक उचलली. पहिली गोळी भोपळ्याच्या डावीकडच्या पळसात घुसली. दुसरी त्याच भोकात गेली. तिसरीही. शेवटची गोळी झाडून झाली, तेव्हा पळसाच्या आरपार पलीकडची टेकडी दिसत होती. भोपळा वाऱ्यावर मजेत झुलत होता.

माकडसुद्धा खाजवायचं थांबलं.

"हे काय आहे, सायाळबाई?" कोल्ह्याने विचारलं.

"काडतुसं एकसारखी आहेत, दिवाणजी. म्हणजे चूक काडतुसांची नाही. उरली बंदूक आणि उरले महाराज."

"बंदूक महाराजांच्या आजोबांची आहे."

"मग महाराज उरले."

महाराज आपल्या पंजाकडे बघू लागले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

कोल्ह्याने घसा साफ केला. "पूर्वी प्रजा चुकायची, पण मोकळ्या मनाने चुकायची. एक इकडे, एक तिकडे. यंदा सगळे मिळून एकाच जागी चुकले. याला कट म्हणतात. सगळ्यांचाच पाणवठा बंद करावा लागणार, दुसरं काय."

गवा शलाकेपासून दोन पावलं बाजूला सरकला. "काटा तिचा होता, दिवाणजी. आमची आपली जुनी पद्धत आहे."

"माझे तर डोळेच मिटलेले होते," ससा म्हणाला.

शलाकेने एकेकाकडे पाहिलं. एकेकाने खाली पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझा पाणवठा बंद करा. पण आबांना सोडा. ते निर्दोष आहेत, हे त्या झाडात सगळ्यांना दिसतंय."

"एका सायाळीला शिक्षा आणि दुसऱ्या सायाळीला माफी?" कोल्हा हळहळला. "कसं चालेल? सगळं एकसारखं हवं, असं तुम्हीच घरोघर सांगत होतात ना?"

संध्याकाळी म्हाताऱ्याने डबक्याकाठी थोडं सरकून लेकीला जागा करून दिली.

"पुढच्या वर्षीपासून ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने भरायचं, असं ठरलंय म्हणे," तो म्हणाला. "सगळे खूश आहेत. तू पी. फक्त पाणी ढवळू नकोस, गाळ वर येतो."

"ढवळणार," शलाका म्हणाली आणि डबक्यात उतरली.

तात्पर्य, पाठच करून ठेवा, परीक्षेत येतं: गोळी कशीही बसवा, पण सगळ्यांनी मिळून सारखी बसवू नका. प्रजेच्या चुका वेगवेगळ्या असतील, तरच राजाचा नेम अचूक राहतो.